टायर तुझा, मडगार्ड माझं

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला देवणीला गेलो होतो. बैलांना बेगड लावून, झुली घालून मिरवणूक निघायच्या बेतात होती, तेवढ्यात चुलतभाऊ हाताला धरून बाहेर घेऊन गेला. "दादा, आधी गाडी बघ. काम केलंय."

गाडी म्हणजे स्विफ्ट, सेकंडहँड, सगळ्यात खालचं मॉडेल. "काम" म्हणजे मागच्या दोन चाकांना सात इंची अलॉय आणि त्यावर २०५चे रुंद टायर. टायरवर खाचा अगदी नावापुरत्या. रेसिंगचे टायर, वापरलेले, 'मुंबईहून आलेले', असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. पुढची चाकं जुनीच, १४ इंची, कारण चारही बदलायला पैसे पुरले नाहीत. मागचं चाक मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेलं. आत घासत होतं म्हणून डेंटरनं मडगार्डची आतली कड ग्राइंडरनं उडवली होती. रबरी मडफ्लॅप अडकत होता, तो काढून डिकीत टाकला होता.

"कशी दिसायली?" त्यानं विचारलं.

आता खरं सांगतो, मी म्हणालो, "भारी." सणाचा दिवस, पोरगं खूश. उगाच कशाला तोंड कडू करा? त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच.

संध्याकाळी आम्ही उदगीरकडे निघालो. रस्त्याचं काम चालू, वर बारीक खडी पसरलेली, पाऊस नुकताच येऊन गेलेला. मागून मोटारसायकलवर दूधवाले मामा येत होते, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. आमच्या मागच्या चाकानं उडवलेला खडा त्यांच्या भुवईवर बसला. मामांनी गाडी कशीबशी सावरली, दूध सांडलं, रक्त यायला लागलं. सात टाके पडले. अर्धा इंच खाली लागला असता तर डोळा गेला असता.

भाऊ म्हणाला, "खडी रस्त्याची हाय दादा, माझी काय चूक?"

आणि मामा म्हणाले, "जाऊ द्या हो, पोरगं आपलंच हाय."

मामांचा मोठेपणा बाजूला ठेवू. भावाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायलाच हवं, कारण हाच प्रश्न मला पुण्यातही ऐकू येतो, फक्त जरा शुद्ध मराठीत.

तर उत्तर असं. चूक तुझीच होती. खडा रस्त्याचा होता, पण तो उडवला तुझ्या टायरनं, आणि त्याला अडवायला जे होतं ते तू पैसे देऊन कापून घेतलंस.

यात गणित फार नाही. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल, तर गाडीच्या मानानं चाकाची कडही ६०नंच फिरत असते. टायरला चिकटून वर आलेला खडा जिथून सुटेल तिथून त्याच वेगानं निघतो, चाकाच्या खालच्या-मागच्या भागातून सुटला तर मागं आणि वर. मागून तुमच्याच वेगानं येणाऱ्या माणसासाठी तो ६०च्या वेगानं आलेला दगड असतो. कंपनीच्या गाडीत चाकाच्या मागं आतलं अस्तर असतं, बंपरचा कोपरा असतो, मडफ्लॅप असतो. खडा तिथं आपटतो, "टण्" असा आवाज होतो, आपण दचकतो, संपलं. टायर बाहेर काढला की तेवढ्या रुंदीला मागं काहीच उरत नाही. फक्त मागचा माणूस.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: टायर गाडीवाल्याचा असतो, पण मडगार्ड त्याचं नसतं. ते मागच्याचं असतं. गाडीचा असा भाग दुसरा क्वचितच सापडेल, ज्याचे पैसे मालक देतो आणि फायदा प्रामुख्यानं अनोळखी माणसाला होतो. आणि नेमका तोच आपण सगळ्यात आधी कापतो.

आता तुम्ही म्हणाल, रेसिंगमध्ये मागचे टायर रुंद असतातच की! असतात ना. का असतात, ते बघू.

बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे देवणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मोटार जोरात सुटते तेव्हा थोडं तसंच होतं. भार मागच्या चाकांवर येतो, पुढची हलकी होतात. रेसच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना दिलेली असते. भारही तिथंच, ताकदही तिथंच, म्हणून रबरही तिथंच जास्त. फॉर्म्युला वनमध्ये २०१७ साली मागचे टायर ३२५वरून ४०५ मिलिमीटर रुंद केले आणि पुढचे २४५वरून ३०५, ते याच हिशेबानं.

स्विफ्टला ओढतं कोण? पुढची चाकं! मागची नुसती मागं मागं येतात, वरातीतल्या पाहुण्यासारखी. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनीच चालतात. अशा गाडीला फक्त मागं रुंद टायर लावणं म्हणजे बैल पुढं आणि वैरण मागं. आणि नुसतं निरुपयोगी नाही, उलटं आहे. मागची पकड वाढली आणि पुढची तशीच राहिली की वळणावर गाडीचं नाक आत वळायला कुरकुर करतं, गाडी सरळ बाहेर जायला बघते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत निदान युक्तिवाद तरी करता येतो. स्विफ्टमध्ये तोही नाही.

दुसरा गैरसमज, "रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर." टायर हा हवेचा फुगा आहे. गाडीचं वजन आणि टायरमधली हवा तीच ठेवली, तर रस्त्याला टेकलेला भाग साधारण तेवढाच राहतो. तो आडवा रुंद होतो आणि लांबीला आखूड होतो, एवढंच. वळणावर याचा थोडा फायदा आहे, उष्णताही जास्त जागेत वाटली जाते. पण रेसिंग टायरची खरी पकड येते मऊ रबरातून, आणि ते रबर तापल्यावरच चिकटतं, ८०-१०० अंशांच्या आसपास. देवणी ते उदगीर रस्त्यावर, पावसात, खड्डे चुकवत, तुम्ही ते कसं तापवणार आहात? थंड राहिलेला आणि खाचा नसलेला टायर ओल्या रस्त्यावर साध्या टायरपेक्षा वाईट. त्यातून तो रुंद असेल तर बाजूला सारायचं पाणीही जास्त. म्हणजे पैसे जास्त, पकड कमी, वर मामांना टाके.

रुंद टायरला माझा विरोध नाही बरं का. रुंद टायर बघायचाच असेल तर आमच्या शेतात या. ट्रॅक्टरचा मागचा टायर १३.६-२८ किंवा १४.९-२८, म्हणजे साडेतेरा ते पंधरा इंच रुंद. तो दिखाव्यासाठी नाही. काळी माती ओली असली की रुतते आणि दाबली गेली की दगड होते, म्हणून रुंद टायर आणि हवा कमी, शेतात १२-१४ पीएसआय. मागच्या चाकांनी ओढायचं, म्हणून मागं मोठा. बऱ्याच ट्रॅक्टरना रिम उलटी बसवून चाक आत-बाहेर घेण्याची सोयही असते, पिकाच्या ओळींप्रमाणे. आणि त्यावरचं मडगार्ड किती मोठं असतं बघा! घरातलं अर्धं माणूस त्यावर बसून शेतात जातं (बसू नये, पण जातं). काम आधी ठरलं, मग टायर ठरला, मग मडगार्ड ठरलं. आपल्या शहरी फॅशनमध्ये नेमका उलटा क्रम आहे. आधी फोटो ठरतो.

मापाची अक्कल आपल्याकडे नवी नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती मुद्दाम चाकापेक्षा जरा लहान करतो. गोवऱ्यांच्या जाळात तापवून ती फुगली की चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. आकसली की चाकाचे सगळे जोड आवळून धरते. किती लहान करायची याचा अंदाज एवढासा चुकला तरी एकतर धाव निसटते नाहीतर चाक मोडतं. ज्या गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या झालं, तिथं एकविसाव्या शतकात चाक बसवायची पद्धत काय? "लावून बघू, घासलं तर कापू."

मोजायचं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण नुसती शिवीगाळ करणं सोपं असतं. समजा कंपनीची रिम साडेपाच इंची आहे आणि तुम्ही सात इंची घेतली. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर वाढले, अर्धे आत, अर्धे बाहेर, म्हणजे दोन्हीकडे १९. आता रिमवर ऑफसेट लिहिलेला असतो. रिमच्या मध्यापासून, जिथं ती गाडीला बोल्टनं बसते ती जागा किती बाहेरच्या बाजूला आहे, ते हे माप. जुन्या रिमचा ४५ होता आणि नव्याचा ३५, तर अख्खं चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला एकूण २९, आतल्या बाजूला ९. म्हणजे दुकानात गाडी नेण्याआधी, घरी चहा पिता पिता, दोन बेरजांमध्ये कळतं की चाक तीन सेंटिमीटर बाहेर येणार. स्पेसर घातला तर तो जेवढा जाड तेवढी आणखी भर. हे गणित चौथीतलं पोरगं करेल. दुकानदारानं केलं नाही, भावानं केलं नाही, आणि इंजिनिअर भावानं "भारी" म्हटलं.

आणि हे सगळं उभ्या गाडीचं. चालत्या गाडीत चाक वर येतं. मागं तीन माणसं, डिकीत ज्वारीचं पोतं आणि पुढं खड्डा, हा आपल्याकडचा रोजचा भार आहे, अपवाद नाही. रेसच्या गाड्यांची तयारी करताना जागा तपासायला मडगार्डच्या आत मऊ मातीचे गोळे चिकटवतात आणि गाडी फिरवतात. गोळा दाबला गेला म्हणजे टायर तिथवर आला. तुम्ही कणकेचे गोळे लावा, खर्च दोन रुपये. पण भरलेल्या गाडीत लावा, रिकाम्या नाही.

कापण्याबद्दलही ऐका. पुढचं मडगार्ड बोल्टनं बसवलेलं असतं, वाकडं झालं तर बदलता येतं. मागचं तसं नसतं. तो गाडीच्या अंगाचाच पत्रा आहे, आणि चाकावरच्या त्या आतल्या कडेत बाहेरचा आणि आतला पत्रा एकमेकांना ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात. तुम्ही ग्राइंडर चालवता तो "जास्तीच्या पत्र्यावर" नाही, त्या जोडावर. मग त्या फटीतून पाणी आणि चिखल आत जाणार आणि गंज आतून पसरणार, बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असणार. कड कापण्याऐवजी रोलरनं आत दुमडण्याची पद्धत आहे, हीट गननं रंग गरम करून, हळूहळू. त्यातही काही मिलिमीटरच मिळतात, तीन सेंटिमीटर नाही.

"कंपनी टायर बारीकच देते हो, पैसे वाचवायला." हे वाक्यही फार ऐकतो. त्याच स्विफ्टचं खालचं मॉडेल १६५/८० आर१४ वर येत होतं आणि वरचं १८५/६५ आर१५ वर. व्यास काढा. पहिल्याचा सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. म्हणजे कंपनीनं टायर २० मिलिमीटर रुंद केला, रिम एक इंच मोठी केली, आणि चाकाची उंची जवळजवळ होती तीच ठेवली, चारही चाकांना, मडगार्डच्या आत. रुंद टायर असा बसवतात! कुणाला हौस असेल तर रस्ता हा आहे, कंपनीनं आधीच मोजून ठेवलेला.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत असे बदल करायचे नाहीत. जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही घातली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाचायला कडक आहे. पण मला त्यातली सरसकट बंदीची भाषा खटकते. सगळेच बदल एका काठीनं हाकले की मोजून केलेला आणि कापून केलेला यातला फरक कुणी शिकतच नाही. मग पोलीस दिसला की भीती, नाही दिसला की ग्राइंडर. युरोपनं १९७८ साली नुसत्या मडगार्डवर स्वतंत्र नियम काढला. चाकाच्या मध्यातून सरळ वर रेघ धरा, तिच्या पुढं ३० अंश आणि मागं ५० अंश, एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी. बस्स. कुणालाही समजेल, कुणालाही तपासता येईल, आणि नियम कुणासाठी आहे तेही कळेल.

तरीही कुणी म्हणेलच, "फॉर्म्युला वनला कुठं मडगार्ड असतं?" नसतं. आणि त्याची किंमत त्यांना विचारा. २९ ऑगस्ट २०२१ला बेल्जियमची रेस पावसात निघाली. पुढच्या गाडीनं उडवलेल्या पाण्यात मागच्याला काही दिसेना. सेफ्टी कारमागं थोड्या फेऱ्या मारून रेस गुंडाळली आणि अर्धे गुण वाटले. त्यानंतर २०२३मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि २०२४मध्ये फिओरानोला एफआयएनं चाकांवर चक्क मडगार्ड बसवून चाचण्या केल्या! प्रयोग पुरेसा जमला नाही, हा भाग वेगळा. आणि २०२६च्या नियमांत त्यांनी टायर अरुंद केले, पुढचे २५ आणि मागचे ३० मिलिमीटरनं. म्हणजे ज्यांची नक्कल करायची ते मडगार्ड लावून बघतायत, टायर बारीक करतायत, आणि आपण ग्राइंडर घेऊन बसलोय.

इथवर वाचून पुण्यातल्या कुणाला "गावाकडची पोरं अशीच" असं वाटलं असेल, तर थांबा जरा. भावाला ही हौस कुठून लागली? माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तीन थार अशा आहेत ज्यांचे टायर मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेत. मालक आयटीतले. सोमवारी मीटिंगमध्ये "टेस्ट न करता प्रॉडक्शनवर काही टाकायचं नाही" म्हणून ज्युनिअरला झापणारे, आणि शनिवारी कुणीतरी कापलेलं मडगार्ड घेऊन एक्सप्रेसवेवर १००नं जाणारे. भावाच्या मोबाइलवर फोटो यांचेच होते. त्याला ऑफसेट माहीत नव्हता, ही त्याची चूक. यांना माहीत असू शकतो, ही यांची जास्त मोठी चूक. आणि भर त्यात माझी, कारण मला माहीत होता.

रेस करायचीच असेल तर खुशाल करा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी स्पीडवे आहे. तिथं लावा मागं हवे तेवढे रुंद टायर. तिथं मागून येणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, अंगात सूट असतो, आणि तो आपल्या मर्जीनं आलेला असतो. मामा आपल्या मर्जीनं आमच्या रेसमध्ये आले नव्हते. ते दूध घालायला निघाले होते.

एक करा. घरी गेल्यावर गवंड्याचा ओळंबा घ्या, नसेल तर दोऱ्याला एक नट बांधा. चाकाच्या बरोबर वर, मडगार्डच्या कडेला धरून सोडा. टायर दोऱ्याच्या आत असेल तर ठीक. दोऱ्याला ढकलत असेल तर जेवढा ढकलतोय तेवढी दुसऱ्याची जागा तुम्ही खाल्ली आहे. मग टायर बदला, नाहीतर वरून नीट रुंद मडगार्ड बसवून ते कागदोपत्री मंजूर करून घ्या. पण कापू नका.

भावानं शेवटी जुनी चाकं परत लावली. मडफ्लॅप डिकीतच होता, तोही लावला. कापलेली कड मात्र तशीच आहे आणि आता तिथं गंज धरलाय. ते रुंद टायर त्यानं भालकीकडच्या कुणाला तरी विकले. चांगला भाव आला म्हणत होता.

म्हणजे ते टायर अजून रस्त्यावर आहेत. कुणाच्या तरी पुढं.